मेलेला हंस, जिवंत बैल

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क मुलुखातल्या बिस्काया प्रांतात, लेकेइतिओ नावाचं मासेमारीचं बंदर आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सान अंतोलिनची जत्रा भरते. 5 सप्टेंबरला, म्हणजे 'अंत्सार एगुना'ला (हंसाच्या दिवशी), बंदराच्या पाण्यावर आडव्या ताणलेल्या दोरावर एक हंस उलटा टांगतात. हंस म्हणजे सरस्वतीच्या पायाशी बसणारा नव्हे. बदकाहून थोराड, लांब मानेचा, मांसासाठी पाळला जाणारा. होडीतून आलेला गडी त्याची मान काखेत आवळून धरतो, धक्क्यावरची माणसं दोर खेचतात आणि गडी हंसासकट वर उडून पुन्हा पाण्यावर आदळतो. मान तुटेपर्यंत किंवा पकड सुटेपर्यंत हे चालतं. 'जगातले विचित्र सण' अशा मथळ्याच्या लेखांत हा प्रकार हटकून असतो आणि त्यावरचा शेराही ठरलेला असतो: रानटी. त्याच बास्क मुलुखात गावोगावच्या फरसबंद चौकांत बैलांच्या जोड्या टनावारी वजनाचे दगड ओढतात. तिथला शेरा वेगळा: रांगडा, मातीतला खेळ.

माझ्या मते या दोन शेऱ्यांची अदलाबदल झाली आहे. लेकेइतिओचा हंस आता आधीच मेलेला असतो. बैल जिवंत असतो. प्राण्यांच्या खेळांबद्दल आपलं मत बनवताना आपण प्राण्याच्या हालांचा हिशेब करत नाही, स्वतःला आलेल्या शिसारीचा करतो. तो हिशेब उथळ तर आहेच, शिवाय ज्याला खरोखर त्रास होतो त्या जनावरावरून आपली नजर हटवणाराही आहे. परंपरेचे कैवारी आणि प्राणिप्रेमी हे एकमेकांचे विरोधक असले तरी या एका बाबतीत दोघेही बहुतेकदा एकाच चुकीत सापडतात.

दोरावर नेमकं काय घडतं

सुरुवात हंसापासूनच करू, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. 1980च्या दशकापर्यंत हा पक्षी जिवंत असे. फडफडणाऱ्या, किंचाळणाऱ्या पक्ष्याची मान माणसाच्या वजनाने उपसली जाणं ही निखळ क्रूरता होती आणि तिच्या समर्थनाचा एकही मुद्दा मला सापडत नाही. पुढे लोकांचा विरोध वाढला आणि आधी मारलेला हंस टांगण्याची पद्धत आली. दूरवरच्या वाचकाला छायाचित्रात हा फरक दिसत नाही. टांगलेला पक्षी तोच, लोंबती मान तीच. पण वेदनेच्या बाजूने पाहिलं तर सगळाच्या सगळा फरक तिथेच आहे.

आता त्या खेळात सोसतो कोण? गडी. दोरावर धक्क्यावरून डझनावारी माणसांचा जोर असतो. त्यांनी ओढलं की गडी पाण्यातून थेट हवेत जातो, त्यांनी सैल सोडलं की सपाट पाण्यावर छाती-पोटाने आपटतो. काखेतली पकड ढिली होऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट जखडून ठेवायचं आणि दोन हिसक्यांच्या मधे मिळेल तेवढा श्वास घ्यायचा. किती वेळा वर गेला ते मोजलं जातं. मानेची कातडी आणि स्नायू किती चिवट असतात ते कोंबडी साफ करणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल. हंसाची मान त्याहून कितीतरी चिवट. नको झालं की गड्याने हात सोडायचा, की तो पाण्यात आणि खेळ संपला.

हा खेळ बास्क लोकांचीच खासियत आहे असंही नाही. हंसाची मान उपटण्याची शर्यत एकेकाळी हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं अशी बऱ्याच ठिकाणी होती. बेल्जियममध्ये अँटवर्पलगतच्या काही गावांत घोड्यावरून मेलेल्या हंसाची मान तोडणारा त्या वर्षीचा 'राजा' ठरतो. बास्क बंदराने घोड्याच्या जागी होडी आणली आणि जमिनीच्या जागी समुद्र, इतकंच. म्हणून 'बास्क माणसाच्या रक्तातलं आदिम काहीतरी' अशी जी हौशी मीमांसा वाचायला मिळते, तिच्यात काही दम नाही.

शिसारी कुणाची, यावर बंदी ठरते

शिसारी तटस्थ असती तर तिच्यावर थोडाफार विश्वास टाकता आला असता. तिचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. ॲमस्टरडॅमच्या योर्दान या कामगार वस्तीत कालव्यावर दोर बांधून त्यावर जिवंत ईल मासा लटकवत आणि खालून होडीतून जाणारे तो ओढून काढायचा प्रयत्न करत. खेळाची रचना लेकेइतिओसारखीच. खेळावर बंदी होती. 25 जुलै 1886 रोजी पोलिसांनी दोर कापला, त्यावरून दंगल पेटली, लष्कर आलं आणि 26 माणसं मेली. माशाचे हाल हे निमित्त होतं. शहराच्या कारभाऱ्यांना सलत होती ती गरीब वस्तीतली गर्दी आणि तिचा दंगा.

इंग्लंडचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. बैलावर कुत्रे सोडणं, कोंबड्यांच्या झुंजी लावणं हे तिथे 1835च्या कायद्याने बेकायदा ठरवलं. हे खेळ गिरणी-खाणीतल्या लोकांचे, गावच्या चौकातले. शिकारी कुत्र्यांनी कोल्हा फाडण्याचा जमीनदारांचा खेळ बंद करायला मात्र 2004चा कायदा उजाडावा लागला. कोल्ह्याला कमी दुखतं असं कुणी सिद्ध केलं होतं म्हणून ही जवळजवळ एकशे सत्तर वर्षांची सवलत मिळाली नाही. घोड्यावर लाल कोट होते, एवढं पुरेसं होतं.

आपलं ते लोकजीवन, परकं ते क्रौर्य

स्पेनमध्ये वर्गाच्या जोडीला राष्ट्रवाद आहे. कातालोनियाच्या संसदेने जुलै 2010मध्ये बैलांच्या झुंजीवर, म्हणजे रिंगणात तलवारीने बैल मारण्यावर, बंदी घातली. जगभर कौतुक झालं. त्याच संसदेने त्याच सप्टेंबरमध्ये 'कोर्रेबोउस'ना कायद्याचं संरक्षण दिलं. त्यात गावातल्या गल्ल्यांतून बैल पळवतात आणि काही ठिकाणी त्यांच्या शिंगांना पेटते गोळे बांधतात. रिंगणातली झुंज 'स्पॅनिश' होती, शिंगांवरची आग 'आपली'. पुढे 2016मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने बंदी रद्द केली, पण त्या दोन महिन्यांतली विसंगती त्यामुळे पुसली जात नाही.

बास्क मुलुखातही याचे पडसाद दिसतात. दोनोस्तियात, म्हणजे सान सेबास्तियानमध्ये, बास्क डाव्या राष्ट्रवाद्यांच्या हाती महापालिका असताना बैलझुंजी थांबल्या आणि सत्ता बदलल्यावर 2015मध्ये परत आल्या. झुंजीला विरोध करणारे सगळेच ढोंगी होते असं म्हणण्याचं कारण नाही. पण दगड ओढणाऱ्या बैलाविषयी असाच आवाज तितक्या मोठ्याने उठला नाही. तो बैल बास्क होता.

पाहुण्यांची नजर तर याहून उथळ. पाम्प्लोनाला 7 ते 14 जुलै रोज सकाळी सहा बैल पाऊण किलोमीटरहून थोड्या जास्त अंतराच्या गल्ल्यांतून धावतात. हेमिंग्वेने 1926च्या कादंबरीतून ते जगप्रसिद्ध केलं आणि आज लाखो लोक पांढरे कपडे आणि लाल रुमाल घालून ते बघायला जातात. सकाळी धावलेले तेच सहा बैल त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात. आठ दिवसांचे 48. पळणं पाहून आलेल्या पर्यटकाला थरार आठवतो, संध्याकाळ आठवत नाही. लेकेइतिओच्या मेलेल्या हंसाचं छायाचित्र दाखवलं तर हाच पर्यटक तोंड फिरवेल.

कसोटी कोणती लावायची

किळस बाजूला ठेवली तर उरतं काय? माझ्या मते दोन प्रश्न पुरतात. खेळ चालू असताना प्राण्याला भीती आणि वेदना किती? आणि नको झालं की त्याला थांबता येतं का? दुसऱ्या प्रश्नाकडे फारसं लक्ष जात नाही, पण बास्क खेळांची सगळी मांडणीच त्याचं उत्तर देते. कारण तिथे दगडाच्या ओझ्याचे खेळ माणसांच्या रूपातही आहेत. लेइत्सा गावच्या इन्याकी पेरुरेनाने 300 किलोंच्या वरचा दगड खांद्यावर घेऊन दाखवला. 2001मध्ये मिएल्चो सारालेगीने 329 किलोंपर्यंत मजल मारली. बैलांच्या ओढीच्या जोडीला 'गिसोन प्रोबा' आहे, त्यात माणसांचा जथा तसलाच दगड दोराने ओढतो. हाल तिथेही होतात. पाठी जातात, हात सोलतात. पण दगड खाली टाकायचा की नाही, हे उचलणाराच ठरवतो.

बैलाच्या मागे उभा असलेला माणूस

'इदी प्रोबा'चा, म्हणजे बैलांच्या ओढीचा, उगम कामात आहे हे खरं. डोंगराळ 'बासेरी'वर, म्हणजे एकाकी शेतघरांवर, बैलांनीच चुनखडी, लाकूड, बांधकामाचा दगड ओढला. दोन शेजाऱ्यांत कुणाची जोडी भारी यावरून पैजा लागल्या आणि पैजेतून खेळ झाला. आज तो गावच्या 'प्रोबालेकू'वर होतो. ही दगडगोट्यांची फरस केलेली लांबट धाव, दोन्ही बाजूंना प्रेक्षक. दगड एक-दोन टनांपासून तीन-चार टनांपर्यंतचे. ठरलेल्या वेळात जोडीने धावेच्या किती फेऱ्या पुऱ्या केल्या त्यावर निकाल.

हे जरा जवळून पाहायला हवं. आपल्याकडे जू मानेवर बसतं; बास्क जू शिंगांना, कपाळाशी करकचून बांधतात, वर मेंढीचं कातडं. त्यामुळे बैलाला डोकं हलवायलाही वाव नसतो. सगळा जोर कपाळातून आणि मानेतून जातो. दगड हलायला लागेपर्यंतचा पहिला हिसका सगळ्यात कठीण. मागचे खूर गुळगुळीत गोट्यांवरून घसरतात, गुडघे वाकतात, मग एकदम साखळी ताठ होते. पुढे एक जण जोडीला वाट दाखवत चालतो. मागे आणि बाजूला असतात पराणीवाले. बास्कमध्ये तिला 'अकुइलू' म्हणतात. तीच लांब काठी, टोकाला तीच आर. बैल थांबला की आर टोचते. थांबण्याचा अर्थ काय हे ठरवायचा हक्क बैलाकडे नाही, पराणीवाल्याकडे आहे. मी आधी मांडलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या काठीच्या टोकावर आहे.

त्यात पैजा. प्रेक्षक आपसांत पैसे लावतात. वेळ संपत आली आणि अर्धी फेरी कमी पडत असली की काठीचा हात चालतो कुणाच्या जोरावर, ते सांगायला नको. मालक वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. खेळाची रचनाच अशी आहे की शेवटच्या पाच मिनिटांत चांगल्या मालकालाही बैलाच्या दमाकडे बघणं महाग पडतं.

रक्त फारसं दिसत नाही. मान तुटत नाही. बैल धाप टाकत, तोंडाला फेस येऊन, पण चार पायांवर बाहेर जातो. छायाचित्र काढलं तर देखणं येतं: रुंद कपाळ, ताणलेली साखळी, मागे गावचं चर्च. म्हणूनच 'विचित्र सणां'च्या यादीत तो सहसा येत नाही.

एडके आणि कुत्री

'आहारी ताल्का' म्हणजे एडक्यांची टक्कर हंस आणि बैल या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते. एडका मुळात स्वभावानेच मागे सरून धावत येऊन डोकं आपटतो. वयात आलेले नर माळावरही हेच करतात. रिंगणात दोघे पुन्हापुन्हा टकरतात आणि ज्याने पाठ फिरवली तो हरला. नको म्हणायची वाट निदान नियमातच आहे. पण माळावर दोन-चार टकरांत जे मिटलं असतं ते इथे डझनावारी टकरांपर्यंत ताणलं जातं, आणि पैजा इथेही आहेत. मी हा खेळ पाहायला जाणार नाही. पण बैलांच्या ओढीपेक्षा याला थोडा कमी दोष देईन.

ओन्याती गावच्या मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धेची बात न्यारी आहे. दूर उभ्या मालकाच्या शिट्टीवर आणि हाकेवर कुत्र्याने मेंढ्यांचा कळप वळवून आणायचा. मारलेलं, भेदरलेलं कुत्रं तिथे हरतंच, कारण दोनशे पावलांवरच्या कुत्र्यापर्यंत काठी पोहोचत नाही. प्राण्याचा खेळ म्हणजे छळच, असं सरसकट विधान मला का पटत नाही, हे या कुत्र्यांकडे पाहिल्यावर कळेल. मेंढ्यांचं मत विचारलं नाही, हे कबूल.

आक्षेप पहिला: मेलेल्यालाही मान असतो

हंसाला दुखत नसेल, पण मृत शरीराची अशी विटंबना पाहून मुलं काय शिकतील, हा आक्षेप हलका नाही. त्यात तथ्य आहे: मेलेला पक्षी खेळणं म्हणून वापरायची गरज काय? मला तरी ती दिसत नाही. पकड, दोर, पाणी हे सगळं कापडी हंसावरही तितकंच अवघड होईल, आणि तशी मागणी होते ती रास्त आहे. पण ही तक्रार सभ्यतेची झाली, छळाची नव्हे. दोन्ही एका तराजूत टाकल्या की जड पारडं नेहमी नजरेला खुपणाऱ्याचंच होतं. शिवाय ज्या देशात कसायाच्या दुकानात सोललेलं अख्खं डुकराचं पिल्लू आकड्याला टांगलेलं असतं, तिथे मृत शरीराच्या मानाचा मुद्दा फक्त जत्रेच्या दिवशी आठवावा हे चमत्कारिक आहे.

आक्षेप दुसरा: मालक बैलाला पोरासारखं जपतो

जपतो, यात शंका नाही. खुराक, मालिश, गोठ्यातली गादी, सगळं. पण बैल विकला तर चांगली किंमत यावी आणि धावेवर तो दगड ओढावा यासाठी घेतलेली काळजी आणि शेवटच्या पाच मिनिटांत आर टोचणं या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून सुखाने होऊ शकतात. पहिलीने दुसरी फिटत नाही.

याचाच दुसरा चेहरा म्हणजे वाणाचा मुद्दा. 'तेरेन्या' ही तिथली डोंगरी जात दुर्मीळ झाली आहे आणि ती टिकण्यात या ओढींचा वाटा आहे. ट्रॅक्टर आल्यावर नाहीतर बैल ठेवतो कोण? हा मुद्दा मला खरा वाटतो, आणि म्हणूनच मी बंदीच्या बाजूने नाही. मात्र वाण टिकतो तो बैलाला काही काम आणि काही प्रतिष्ठा राहिल्याने. त्यात आर कुठे येते?

आक्षेप तिसरा: हात लावलात तर परंपरा मरेल

या आक्षेपामागे जखम आहे. स्पेनचं यादवी युद्ध संपल्यापासून 1975मध्ये हुकूमशहा फ्रँको मरेपर्यंत बास्क भाषा शाळेतून आणि कारभारातून हद्दपार होती. माणसं आपलेपण जपत होती ते चौकात, जेवणाच्या मेजावर, खेळांत. त्या खेळाकडे माद्रिदच्या किंवा बाहेरच्या कुणी बोट दाखवलं की जुनी चीड वर येणं स्वाभाविक आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही चिडलो असतो.

पण परंपरेला हात लावला तर ती मरते, हे विधान तपासून पाहता येतं, आणि तपासण्याची जागा लेकेइतिओ हीच आहे. जिवंत हंस गेला, मेलेला आला. कैवाऱ्यांच्या भाकितानुसार अंत्सार एगुना ओस पडायला हवा होता. आज चाळीसेक वर्षं होत आली, बंदर तेवढंच गच्च भरतं. लोक ज्यासाठी येत होते ते पक्ष्याचं किंचाळणं नव्हतंच. ते गड्याचं उडणं-आपटणं आणि आपल्या होडीचा जयजयकार होता. जिवंत हंस हा परंपरेचा गाभा आहे असं जे छातीठोकपणे सांगितलं जात होतं ते साफ खोटं ठरलं. मग पराणीबद्दल तेच सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

मग पराणी काढली तर?

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. 2011च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. 7 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत बंद केली. महाराष्ट्राने 2017मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या बारा वर्षांत दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते बास्क चौकात जसंच्या तसं चालेल: पोटच्या पोरासारखा बैल, खिलार वाण, शहरी लोकांना काय कळतंय. आणि समोरून: रानटीपणा. बंदी की परवानगी यावर बारा वर्षं गेली. काठी, चाबूक आणि शॉक देणारी बॅटरी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा नियमांच्या एका कलमात उरला.

बास्क धावेसाठी मला काय सुचतं ते सांगतो. कुणी विचारलेलं नाही, तरी. पराणी धावेच्या बाहेर ठेवायची. हाकेवर आणि पुढच्या माणसाच्या चालीवर जेवढं होईल तेवढं. जोडी दोनदा थांबली की तिची पाळी संपली आणि तोवरच्या फेऱ्या हाच तिचा आकडा. उन्हाच्या वेळी ओढ नाही. जनावरांचा डॉक्टर आयोजकांचा नको, बाहेरचा हवा, आणि त्याने हात वर केला की घड्याळ थांबलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की असं केलं तर तीन टनांचा दगड हलणारच नाही, निम्म्या जोड्या पहिल्या फेरीत उभ्या राहतील आणि पैजेला रंग चढणार नाही. हे उत्तर देणारा माणूस नकळत बरंच काही कबूल करून जातो. आर टोचल्याशिवाय जो दगड हलत नाही तो बैलाच्या ताकदीने हलत नव्हता. मग दगड हलका करावा, दीड टनाचा ठेवावा. चांगली शिकवलेली जोडी तो केवळ हाकेवर किती फेऱ्या नेते यावर पैज लावायला कुणाची हरकत आहे? तिथे जिंकेल तो मालक, ज्याने वर्षभर बैलाशी बोलून त्याला तयार केलं, आणि हरेल तो, ज्याची सगळी भिस्त शेवटच्या पाच मिनिटांवर होती. पोरासारखा जपतो म्हणणाऱ्यांना तर हा नियम सगळ्यात आधी हवा असायला पाहिजे. त्यांच्यातले किती जण तो मागतील, याचा अंदाज वाचकाने करावा.